पाणथळ जागेचीही ‘बँक’ असते! पण तिच्या खात्यात खरंच पाणी आहे का?

उड्डाणपूल, मेट्रो, सागरी रस्ता, बुलेट ट्रेन. मोठ्या प्रकल्पाची बातमी आली की तिच्यात एक ओळ हमखास असते: ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात इतकी झाडं लावली जातील.’ आपण ती वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो. पाच वर्षांनी ती झाडं जगली का, कुठे लावली आणि त्यांच्यावर किती पैसे गेले, हे तपासायला कोणी परत येत नाही.

पाणथळ जागेच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होतो. तलाव, दलदल, खाडीकाठची कांदळवनं या जागा पावसाचं पाणी धरून ठेवतात, गाळून सोडतात आणि भरतीचा जोर कमी करतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी मुरायला जागा नसली की शहराचं काय होतं ते मुंबईने पाहिलं. अशा जागेवर भराव टाकला, तर तिची भरपाई कशी करायची?

अमेरिकेने यासाठी तीसेक वर्षांपासून एक पद्धत चालवली आहे. तिचं नाव ‘वेटलँड मिटिगेशन बँक’. सोप्या मराठीत पाणथळ भरपाई बँक. इथे क्रेडिट असतं, खातं असतं, पैसे काढणं आणि भरणं असतं, सगळा हिशेब ऑनलाइन दिसतो. आपल्याकडे 2023 पासून ‘ग्रीन क्रेडिट’ची चर्चा सुरू आहे, म्हणून ही पद्धत नीट समजून घ्यायला हवी. क्रेडिट छापणं सोपं आहे. त्यामागची जागा वर्षानुवर्षं जिवंत ठेवणं आणि त्यासाठी पैसे राखून ठेवणं, खरी परीक्षा तिथे आहे.

बँक म्हणजे नेमकं काय?

1972 च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या कलम 404 नुसार, संरक्षित पाणथळ जागेत भराव टाकायचा असेल तर अमेरिकेच्या लष्कराच्या अभियंता विभागाकडून, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडून परवाना घ्यावा लागतो. पर्यावरण संस्था ईपीए त्यावर लक्ष ठेवते.

परवाना मागणाऱ्याला तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. आधी नुकसान टाळता येतं का ते बघा. टाळता येत नसेल तर कमीत कमी करा. तरीही जे नुकसान उरेल, त्याचीच भरपाई करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण भरपाई ही शेवटची पायरी आहे. पैसे भरले की भराव टाकायला मोकळे, असा तिचा अर्थ नाही.

भरपाई करायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, बँक. एखादी कंपनी, जिल्हा प्रशासन किंवा संस्था आधीच एखादी बिघडलेली पाणथळ जागा घेते. समजा, शंभर वर्षांपूर्वी चर खणून कोरडी केलेली दलदल. ते चर बुजवून तिथे पुन्हा पाणी आणलं जातं, स्थानिक वनस्पती लावल्या जातात. त्या सुधारणेच्या बदल्यात बँकेला क्रेडिट मिळतात. दुसरीकडे रस्ता बांधणारा ती क्रेडिट विकत घेतो.

दुसरा, फी भरण्याचा मार्ग. इथे प्रकल्पवाला सरकारी किंवा ना-नफा संस्थेच्या निधीत पैसे भरतो. ती संस्था नंतर जागा शोधून काम करते. म्हणजे नुकसान आधी आणि काम नंतर.

तिसरा, प्रकल्पवाल्याने स्वतःच कुठेतरी पाणथळ जागा तयार करायची.

2008 मध्ये आलेल्या भरपाईच्या नियमांनी या तिघांमध्ये पहिली पसंती बँकेला दिली. कारण सरळ आहे: बँकेत काम आधी सुरू झालेलं असतं. तुमच्याकडे उद्याचं वचन नसतं, आज दाखवता येईल अशी जागा असते.

क्रेडिट हप्त्याहप्त्याने सुटतं

इथे या पद्धतीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट येते. बँकेने जागा घेतली म्हणून तिला सगळी क्रेडिट एकदम विकता येत नाहीत.

उदाहरणापुरतं समजा, एका जागेतून 100 क्रेडिट मिळणार आहेत. करारावर सह्या झाल्या, जागा कायमची संरक्षित करणारा दस्त नोंदवला आणि हमीची रक्कम भरली, की 15 क्रेडिट विकायला मोकळी होतात. माती हलवून पाणी परत आणलं की आणखी 25. उरलेली 60 पुढच्या वर्षांत, ठरलेल्या अटी पूर्ण होत जातील तशी. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक बँकेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते वेगवेगळ्या सरकारी खात्यांची मिळून बनलेली एक समिती तपासते.

आता ‘अटी पूर्ण झाल्या’ हे ठरवायचं कसं? इथे तंत्रज्ञान येतं. जमिनीत अरुंद नळ्या पुरून त्यात दाब मोजणारे सेन्सर सोडतात. ते ठरावीक वेळाने भूजलाची पातळी नोंदवत राहतात. आर्मी कोअरचा एक तांत्रिक निकष असा आहे: वनस्पती वाढण्याच्या हंगामात सलग 14 दिवस तरी पाणी जमिनीखाली 12 इंचांच्या आत असलं पाहिजे, आणि हे दहापैकी किमान पाच वर्षांत घडलं पाहिजे. सोबत ड्रोन आणि उपग्रहाचे फोटो असतात, आणि माणसं चिखलात उतरून कोणती झाडं स्थानिक, कोणती घुसखोर याची मोजदाद करतात. देखरेख किमान पाच वर्षं चालते. जिथे झाडांचं जंगल परत आणायचं असतं तिथे त्याहून जास्त.

सगळा हिशेब ‘रिबिट्स’ नावाच्या सार्वजनिक वेबसाइटवर असतो. बँक कुठे आहे, किती क्रेडिट सुटली, किती विकली, किती शिल्लक, हे कोणालाही पाहता येतं. हे जवळजवळ आपल्या यूपीआय हिस्टरीसारखं आहे. एकच क्रेडिट दोनदा विकलं जाऊ नये, हा त्याचा मोठा उपयोग.

पण सेन्सर आणि वेबसाइट फक्त काय झालं ते सांगतात. काम व्हायला पैसे लागतात.

पैशांचे तीन डबे

अशी बँक चालवायला पैशांचे तीन वेगवेगळे डबे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळले की गडबड होते.

पहिला डबा सुरुवातीच्या खर्चाचा. जमीन, सर्वेक्षण, आराखडा, मातीकाम, लागवड. हा खर्च क्रेडिट विकण्याच्या आधी करावा लागतो. खासगी बँक गुंतवणूकदारांकडून पैसे आणते. जिल्हा किंवा राज्य चालवत असेल तर कर्जरोखे, अर्थसंकल्प किंवा अनुदान. मंजुरीलाच वर्षं लागू शकतात, त्यामुळे हे पैसे बराच काळ अडकून पडतात.

दुसरा डबा हमीचा. काम फसलं तर? मोठा पूर आला, लावलेली झाडं मेली, किंवा बँक चालवणारी कंपनीच बुडाली तर? म्हणून बाँड, विमा किंवा वेगळ्या खात्यात ठेवलेली रक्कम आधीच मागितली जाते. घर भाड्याने घेताना आपण डिपॉझिट देतो, तसंच.

तिसरा डबा कायमच्या देखभालीचा, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. देखरेखीची वर्षं संपली, सगळी क्रेडिट विकली गेली, कंपनीने नफा घेतला. पुढे काय? कुंपण तुटतं, घुसखोर वनस्पती पसरतात, शेजारचा कोणीतरी चर खणतो, कोणी रात्रीत डेब्रिज टाकून जातं. जागा कायमची संरक्षित असेल तर खर्चही कायमचा असतो.

यावर उपाय म्हणजे एक मोठी रक्कम गुंतवून फक्त तिच्या उत्पन्नावर देखभाल करायची. आपल्या आजीआजोबांचा एफडीच्या व्याजावर घर चालवण्याचा हिशेबच हा. समजा, वर्षाला 20 हजार डॉलर देखभालीला लागतात आणि महागाई वजा जाता गुंतवणुकीवर 4 टक्के सुटतात. मग मूळ रक्कम 5 लाख डॉलर हवी. ही रक्कम क्रेडिटच्या किमतीत आधीच धरलेली नसेल, तर क्रेडिट स्वस्त दिसतं. खरं तर त्याचं बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडलेलं असतं.

म्हणून एखाद्या क्रेडिटची किंमत कमी आहे हे ऐकून लगेच खूश होऊ नका. कोणता डबा रिकामा ठेवून ती कमी केली, ते आधी विचारा.

मिनेसोटा: गावच्या रस्त्यांचा हिशेब

आता एक खरं उदाहरण. मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तरेकडचं राज्य ‘दहा हजार तळ्यांचा प्रदेश’ म्हणून ओळखलं जातं. तरी शेती आणि वस्तीसाठी तिथल्या मूळ पाणथळ जागांपैकी जवळपास निम्म्या नाहीशा झाल्या आहेत. 1991 मध्ये राज्याने स्वतःचा पाणथळ संरक्षण कायदा केला. त्याची रोजची अंमलबजावणी जिल्हे, शहरं, पाणलोट संस्था अशा स्थानिक पातळीवर होते. राज्याचं जल आणि मृदा मंडळ क्रेडिटची खाती सांभाळतं.

अडचण रस्त्यांची होती. एखाद्या छोट्या जिल्ह्याला धोकादायक वळण सरळ करायचं आहे. त्यात अर्धा एकर दलदल जाते. तेवढ्यासाठी त्या जिल्ह्याने स्वतः जागा शोधायची, तज्ज्ञ नेमायचे, पाच वर्षं मोजमाप करायचं? रस्त्यापेक्षा भरपाईच महाग पडायची. शिवाय अशा तुकड्या-तुकड्यांच्या भरपाईवर लक्ष ठेवणंही अवघड.

म्हणून 1990 च्या दशकात राज्याने ठरवलं की स्थानिक रस्त्यांच्या सुरक्षेसाठी होणाऱ्या कामांची पाणथळ भरपाई राज्याचं मंडळच करेल. मंडळ मोठ्या जागा विकसित करतं किंवा क्रेडिट विकत घेतं आणि जिल्ह्यांच्या रस्त्यांसाठी वापरतं. पैसा मुख्यतः राज्याच्या कर्जरोख्यांतून येतो. कल्पना शहाणपणाची आहे: गावाला रस्ता मिळतो, विखुरलेल्या डबक्यांऐवजी मोठी, टिकाऊ जागा उभी राहते, आणि तज्ज्ञ एकाच ठिकाणी कामाला असतात.

पण कर्जरोख्यांचा पैसा विधिमंडळ मंजूर करेल तेव्हा आणि तेवढाच मिळतो. पाणथळ जागा तयार व्हायला मात्र वर्षं लागतात. त्यामुळे एका वर्षी निधी हुकला तर त्या वर्षी काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही, कारण जुन्या जागांची क्रेडिट अजून शिल्लक असतात. चणचण काही वर्षांनी जाणवते आणि तेव्हा पैसे ओतले तरी क्रेडिट लगेच तयार होत नाहीत. शिवाय राज्याचे सेवाक्षेत्रांमध्ये भाग पाडलेले आहेत. नुकसान ज्या भागात झालं, शक्यतो त्याच भागात भरपाई करायची. म्हणजे एकूण खात्यात शिल्लक दिसली तरी तुमच्या भागाचं खातं रिकामं असू शकतं.

मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर, इथे रिचार्ज केलेला डेटा लगेच मिळत नाही. आज रिचार्ज मारला तर डेटा पाच वर्षांनी येतो. मग रिचार्ज कधी करायचा? डेटा संपल्यावर नक्कीच नाही. दरवर्षी थोडाथोडा, ठरलेला निधी हवा. स्थानिक बँक चालवणाऱ्यांसाठी मिनेसोटाचा हा सगळ्यात मोठा धडा आहे.

मग गडबड कुठे होते?

या पद्धतीवर अमेरिकेतच भरपूर टीका झाली आहे, आणि ती पोकळ नाही.

पहिली गडबड निसर्गाची. 2001 मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने तपासून सांगितलं की ‘एकूण घट शून्य’ हे ठरवलेलं ध्येय भरपाईतून साध्य होत नाहीये. 2012 मध्ये प्लॉस बायॉलॉजी या नियतकालिकात जगभरच्या 621 पाणथळ जागांचा अभ्यास आला. पुन्हा तयार केलेल्या जागा शंभर वर्षांनीही मूळ जागांची बरोबरी करत नव्हत्या: सजीवांची रचना सरासरी 26 टक्क्यांनी कमी, तर मातीत कार्बन साठवण्यासारखी कामं 23 टक्क्यांनी कमी. थोडक्यात, एक एकर बुजवून एक एकर तयार केला तर हिशेब जुळत नाही. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी गेलेल्या जागेपेक्षा जास्त भरपाई मागतात.

दुसरी गडबड ठिकाणाची. शहरात जमीन महाग, गावाकडे स्वस्त. बँक साहजिकच स्वस्त जागी उभी राहते. जे. बी. रूल आणि जेम्स साल्झमन या अभ्यासकांनी 2006 मध्ये फ्लोरिडातल्या 24 बँकांचा अभ्यास मांडला. दाट वस्तीतल्या पाणथळ जागा कमी होऊन विरळ वस्तीच्या भागात भरपाई जात असल्याचं त्यांना दिसलं. पक्ष्यांना कदाचित चालेल. पण ज्यांच्या गल्लीतला तलाव बुजला त्यांच्या घरात शिरणारं पाणी पन्नास किलोमीटरवरची दलदल अडवू शकत नाही. हिशेबात भरपाई झाली, माणसांची झालीच नाही.

तिसरी गडबड व्याख्येची. 25 मे 2023 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट विरुद्ध ईपीए या खटल्यात निकाल दिला. मोठ्या जलप्रवाहाशी पृष्ठभागावर सलग जोडलेल्या पाणथळ जागांनाच केंद्राचा कायदा लागू होईल, असं न्यायालयाने म्हटलं. अनेक सुट्या दलदली एका फटक्यात कायद्याच्या बाहेर गेल्या. परवाना नको तर भरपाई नको, भरपाई नको तर क्रेडिटला गिऱ्हाईक नाही. ज्यांनी पदरचे पैसे घालून आधी जागा सुधारल्या, त्यांचा हिशेब डळमळतो. मिनेसोटासारख्या राज्यांत स्वतःचा कायदा असल्यामुळे तिथे संरक्षण टिकून राहिलं. जिथे राज्याचा कायदा नाही, तिथे बँकेचा पायाच हलतो.

परिणाम? अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेच्या अहवालानुसार 2009 ते 2019 या काळात तिथल्या मुख्य भूमीवर निव्वळ 2,21,000 एकर पाणथळ जागा घटली. सगळ्या घटीचा दोष बँकांचा नाही, कारण अनेक नुकसानांना परवानाच लागत नाही. तरी क्रेडिटची पद्धत असली म्हणजे पाणथळ जागा वाचल्या, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे चित्र काय आहे?

अमेरिकेसारखी पाणथळ क्रेडिट बँक आपल्याकडे कायद्याने नाही. पण तिचे तुकडे आहेत.

कांदळवनांचं घ्या. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार कांदळवनाची झाडं तोडायला परवानगी दिली. बदल्यात पाचपट लागवड. ऐकायला भरघोस वाटतं. पण इथे मोजमापाचं एकक झाड आहे. अमेरिकेतले निकष आधी पाणी पाहतात: भरती येते का, किती वेळ थांबते, माती ओली राहते का. पाणी बरोबर असलं तर तिवरांची रोपं बऱ्याचदा आपोआप रुजतात. पाणी चुकलं तर लाख रोपं लावूनही फक्त फोटो मिळतात. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावाचा वाद 2024 मध्ये गाजला तो यावरूनच. खाडीचं पाणी आत येणं अडलं, तलाव कोरडा पडत गेला आणि फ्लेमिंगोंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. झाड न तोडताही पाणथळ जागा मारता येते, फक्त तिचा नळ बंद करावा लागतो.

आता पैशांचं. वनजमीन प्रकल्पाला दिली की भरपाईची रक्कम ‘कॅम्पा’ निधीत जाते. हा अमेरिकेतल्या फी भरण्याच्या मार्गाचा भाऊ म्हणा. 2016 मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने 27 राज्यांना 47,436 कोटी रुपये दिले. एवढे पैसे एकदम कुठून आले? वर्षानुवर्षं साठले होते. जंगलं आधी गेली, पैसे खात्यात पडून राहिले. अमेरिकेच्या 2008 च्या नियमात यासाठी एक मुदत आहे: फी घेऊन आगाऊ क्रेडिट दिलं की साधारण तिसऱ्या वाढ-हंगामापर्यंत जागा घेऊन सुरुवातीचं काम झालंच पाहिजे. निधी असणं वेगळं आणि तो वेळेत जमिनीवर उतरणं वेगळं.

व्याख्येचा प्रश्न तर इथेही तसाच आहे. 2017 च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येत भातखाचरं, नदीचं पात्र आणि मिठागरं येत नाहीत. इस्रोने 2011 च्या ॲटलासमध्ये सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागा नोंदवल्या. त्याहून लहान साडेपाच लाखांच्या वर होत्या. तुमच्या गावाबाहेरचं डबकं बहुधा या दुसऱ्या गटात असेल. नकाशावर ठिपका असणं आणि कायद्याचं संरक्षण असणं यात मोठं अंतर आहे.

आणि ऑक्टोबर 2023 मध्ये आले ग्रीन क्रेडिट नियम. त्यांतल्या आठ कामांच्या यादीत कांदळवनांचं संवर्धन आणि पुनरुज्जीवनही आहे. म्हणजे क्रेडिटची भाषा आपल्याकडे आलेली आहे. पुढे कांदळवनं किंवा पाणथळ जागांसाठी क्रेडिटची सविस्तर पद्धत येईल तेव्हा चार प्रश्न विचारायला हवेत. क्रेडिट काम झाल्यावर सुटणार की घोषणेवर? झाडं मोजणार की पाणी? भरपाई त्याच खाडीच्या, त्याच पाणलोटाच्या भागात होणार की तीनशे किलोमीटरवर? आणि दहाव्या वर्षी देखभालीचे पैसे कोणाच्या खात्यात असतील?

या चारांपैकी एकाचंही उत्तर ‘बघू नंतर’ असेल, तर क्रेडिट म्हणजे नुसता आकडा.

तुमच्या मोबाईलवरून काय तपासता येईल?

यासाठी शास्त्रज्ञ असायची गरज नाही.

1. गूगल अर्थमध्ये आपल्या भागातला तलाव किंवा खाडीकिनारा शोधा आणि जुने फोटो उघडा. दहा वर्षांत भराव किती सरकला ते डोळ्यांना दिसतं. दोन तारखांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

2. ब्राउझरमध्ये ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचे फोटो इथे फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी एक. पाणी दाखवणारा थर निवडला की ओली जागा वेगळी दिसते. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा रडार वापरणारा सेंटिनेल-1 बघा. एक मर्यादा लक्षात ठेवा: या फोटोचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा तुकडा. यात रोपं मोजता येणार नाहीत. पाणी आहे की नाही, हिरवळ पसरतेय की आटतेय, एवढं कळतं.

3. पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात. प्रकल्पाचं नाव टाका, मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. भरपाईच्या जागेचा गट नंबर किंवा नकाशा त्यात आहे का ते बघा. जागाच लिहिलेली नसेल तर तपासणार काय?

4. कॅम्पाच्या कामांसाठी ‘ई-ग्रीन वॉच’ नावाची सरकारी वेबसाइट आहे. लागवडीच्या जागांच्या सीमा तिथे नकाशावर टाकणं अपेक्षित आहे. मिळालेली सीमा उपग्रहाच्या फोटोशी ताडून पाहा.

5. माहिती मिळत नसेल तर महाराष्ट्राच्या आरटीआय पोर्टलवरून 10 रुपये फी भरून अर्ज करा. प्रश्न मोघम नको. ‘पर्यावरणासाठी काय केलं?’ असं विचारलं तर मोघम उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: भरपाईची जागा कोणती, लागवडीची तारीख काय, तिसऱ्या वर्षी किती टक्के जगली, देखभालीसाठी किती रक्कम राखून ठेवली, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत पुरेल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लागवडीच्या कार्यक्रमाचे फोटो सगळ्यांकडे असतात. सातव्या वर्षाच्या देखभालीची पावती फार थोड्यांकडे असते.

थोडक्यात

भरपाई बँक ही वाईट कल्पना नाही. प्रकल्पवाल्याच्या तोंडी वचनापेक्षा ती नक्कीच बरी, कारण ती काम आधी करायला लावते, क्रेडिट हप्त्याने सोडते आणि हिशेब उघडा ठेवते. पण तिची ताकद तिच्या अटींमध्ये आहे: आधी टाळा, मग भरपाई, पाणी आल्यावरच क्रेडिट, नुकसान झालं त्याच भागात जागा, आणि कायमच्या कामासाठी कायमचा निधी. या अटी काढून नुसता क्रेडिटचा बाजार उचलून आणला, तर पाणथळ जागा बुजवायचा रेट तेवढा ठरेल.

पुढच्या वेळी ‘बदल्यात पाचपट झाडं’ ही ओळ दिसली की लगेच स्क्रोल करू नका. जागेचं नाव शोधा, स्क्रीनशॉट घ्या आणि फोनमध्ये तीन वर्षांनंतरचं रिमाइंडर लावा. त्या दिवशी उपग्रहाचा ताजा फोटो उघडून दोन्ही शेजारी ठेवा. तिथे पाणी आहे की नाही, ते तुम्हालाच दिसेल.